कमरेच्या पट्ट्यात कोणती मापं? गोव्यातल्या घरासाठी मापाची हत्यारं निवडताना

शेल्फ तिरकं बसतं, पडद्याचा रॉड एका बाजूला उतरतो, नवा नळ जुन्या पायपाला लागत नाही. घरच्या दुरुस्तीत अशी फजिती होते तेव्हा ड्रिलचा दोष क्वचितच असतो. भिंत एका टेपने मोजलेली असते, फळी सुताराच्या टेपने कापलेली असते, माप घरी इंचात लिहिलेलं असतं आणि दुकानात मिलिमीटरमध्ये सांगितलेलं असतं. म्हणून नवख्या माणसाने महागडं हत्यार शोधत बसू नये. थोडी हत्यारं घ्यावीत, ती एकमेकांशी जुळतात का ते तपासावं आणि एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वापरावीत.

कमरेच्या पट्ट्यात कायम राहाव्यात अशा वस्तू पाचच: 5 मीटरची टेप, 15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, 9 इंची लेव्हल (पाणसळ) आणि टोकदार पेन्सिल. नळकाम स्वतः करणार असाल तर सहावा कॅलिपर, म्हणजे जबड्यात धरून व्यास मोजायचं हत्यार. बाकी सगळं घरात पेटीत राहू दे.

पायरी 1: घर कसलं आहे ते बघा

पर्वरी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये खोल्या साधारण 3 ते 4 मीटरच्या, भिंती बऱ्यापैकी सरळ आणि छत सपाट. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या घराचं गणित वेगळं. चिऱ्यावरचा गिलावा जाड-पातळ असतो, कोपरे काटकोनात नसतात, वर मंगळुरी कौलं आणि वाशे, बाहेर बल्काव, म्हणजे बसायची ओसरी. फ्लॅटमध्ये 9 इंची लेव्हल बहुतेक कामांना पुरते. जुन्या घरात मात्र ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) आणि समान उंची बघायची पाण्याची नळी लागतेच, कारण मोजायला सुरुवात करावी अशी एकही सरळ कड तिथे हमखास मिळत नाही.

पायरी 2: टेप

3 मीटरची टेप खिशात छान बसते, पण हॉलची भिंत आली की तोकडी पडते. 8 मीटरची टेप दिवसभर कमरेला नको, पट्टा एका बाजूला ओढला जातो आणि स्टुलावर चढताना ती आधी आपटते. घरासाठी 5 मीटर बरोबर.

पात्याची रुंदी बघा. 5 मीटरची टेप 19 मिमी आणि 25 मिमी अशा दोन्ही रुंदीत मिळते. रुंद पातं हवेत जास्त लांब ताठ राहतं, म्हणजे एकट्याने मोजताना मध्येच मोडून खाली पडत नाही. मदतीला कोणी नसेल तर 25 मिमी घ्या. हात लहान असेल किंवा पट्ट्यात जागा कमी असेल तर 19 मिमी पुरे.

पात्यावर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर हवेच. आपल्याकडे सुतार अजून फूट, इंच आणि सुतात बोलतो. 1 सूत म्हणजे पाव इंचाचा अर्धा भाग, साधारण 3.2 मिमी. टाइल्सचं दुकान मात्र मिलिमीटरमध्ये चालतं आणि भाषा फुटाची वापरतं. ‘दोन बाय दोन’ची टाइल प्रत्यक्षात 600 मिमीची असते, तर 2 फूट म्हणजे 609.6 मिमी. एका ओळीत 10 टाइल्स धरल्या तर सांधे सोडून 9.6 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि शेवटी भिंतीलगत एक विद्रूप पट्टी कापून लावावी लागते. म्हणून स्वतःसाठी एकच एकक ठरवा, शक्यतो मिलिमीटर. सुताराला इंच सांगायचे असतील तर गुणाकार-भागाकार करत बसू नका. टेपवर मिलिमीटरची खूण धरा, बोट तिथेच ठेवा आणि समोरच्या कडेवरचा आकडा वाचा.

काही टेपांच्या पात्यावर सुरुवातीलाच I किंवा II असा रोमन आकडा छापलेला असतो. तो अचूकतेचा वर्ग. II वर्गाच्या टेपला 5 मीटरवर 1.3 मिमीपर्यंत चूक माफ असते, I वर्गाला 0.6 मिमी. घरकामाला II भरपूर झाला. टेपा 20 अंश सेल्सिअस तापमानासाठी आखलेल्या असतात. आपल्याकडच्या 33 अंशांत 5 मीटरचं स्टीलचं पातं पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतं. मे महिन्यातली चूक उन्हाच्या माथी मारायची ठरवलीत तरी तिथून पाऊण मिलिमीटरच मिळेल.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर नायलॉनचा थर दिलेलं पातं घ्या. नुसत्या रंगाच्या पात्यावरचे पहिल्या 30 सेंटिमीटरचे आकडे सर्वांत आधी पुसले जातात, आणि नेमका तोच भाग रोज वापरात असतो.

पायरी 3: टेपचा हूक दुकानातच तपासा

टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा पुढे-मागे हलतो. नवखा माणूस तो सैल झाला असं समजून हातोडीने रिवेट ठोकून घट्ट करतो आणि चांगली टेप बिघडवतो. हूक त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच हलायला हवा. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की हूक पुढे सरकतो आणि माप त्याच्या आतल्या बाजूपासून सुरू होतं. भिंतीला टेकवून दाबलं की तो मागे सरकतो आणि माप बाहेरच्या बाजूपासून सुरू होतं. दोन्ही वेळा शून्य जागेवर राहतं ते या हलण्यामुळेच.

तपासायला दोन मिनिटं लागतात. काउंटरवर 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी मागा, हार्डवेअरच्या दुकानात ती असतेच. पट्टीचं टोक आणि टेपचा हूक दोन्ही एखाद्या उभ्या सपाट पृष्ठभागाला टेकवा. टेप हलकी दाबा आणि 30 सेंटिमीटरच्या दोन्ही रेषा जुळतात का बघा. मग हूक एखाद्या खोक्याच्या कडेला अडकवून ओढा, पट्टीचं टोक त्याच कडेशी समतल धरा आणि पुन्हा 30 ची रेषा बघा. एकदा जुळली आणि एकदा नाही, तर हूक वाकलेला आहे किंवा रिवेट घट्ट आहे. दुसरी टेप घ्या. त्याच ब्रँडच्या दोन टेपांतही फरक निघू शकतो, तेव्हा फ्रीमन्स असो की स्टॅनली, नाव बघून डोळे मिटू नका.

लॉक लावून पातं 1 मीटर बाहेर ठेवा आणि हलकेच झटका द्या. पातं आत सरकलं तर ती टेप ठेवून द्या.

घरी आणल्यावर हूक सांभाळा. पातं सोडून दिलं की ते सटकन आत जातं आणि हूक डब्यावर आदळतो. रोज असं झालं तर काही महिन्यांत मिलिमीटरभर फरक पडतो. शेवटची वीतभर टेप बोटाने रोखत आत घ्या.

पायरी 4: माप घेताना काय चुकतं

कपाटासाठी कोनाड्याची रुंदी मोजताना वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. चिऱ्याच्या भिंतीत या तिन्हींत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर फरक सहज असतो.

भिंत ते भिंत मोजताना पातं कोपऱ्यात वाकतं आणि आकडा अंदाजाने वाचला जातो. डब्याच्या मागे त्याची लांबी लिहिलेली असते, ती मिळवून काम भागतं. त्याहून खात्रीचा मार्ग असा: डाव्या भिंतीपासून बरोबर 1000 मिमीवर बारीक खूण करा, मग उजव्या भिंतीपासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि दोन्ही मिळवा.

टेप उलटी धरली की 6 चा 9 दिसतो आणि 68 चा 89. शेजारचा आकडा वाचून खात्री करा, चूक तिथेच पकडली जाते.

हूकवर विश्वास नसेल तर 10 सेंटिमीटरच्या रेषेपासून मोजतात. पद्धत चांगली आहे, पण वजा करायला विसरलं की फळी 10 सेंटिमीटर आखूड. ही चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते. माप लिहिताना आधी ‘−10’ लिहा, मग आकडा.

गोव्यात मापाशेजारी तारीखही लिहावी. सागवान काय किंवा फणस काय, लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात चौकटीत नेमकं बसवलेलं दार जुलैत अडतं. दाराची फट मे मध्ये ठरवत असाल तर प्रत्येक बाजूला 3 मिमी ठेवा. जुलैत दार रंधत असाल तर अडण्यापुरतंच रंधा, नाहीतर उन्हाळ्यात फटीतून शेजारचं घर दिसेल.

पायरी 5: स्टीलची पट्टी आणि गुण्या

15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी ही पट्ट्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी वस्तू. तिचं शून्य अगदी टोकावर असतं, हूक नाही, हलणं नाही. स्विचबोर्डचा खाच, बिजागरीची जागा, स्क्रूची लांबी ही सगळी मापं टेपने घेऊ नका, पट्टीने घ्या. एका कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा आणि कोरलेले आकडे असलेली निवडा. छापलेले आकडे घामाने जातात.

गुण्या 6 इंची पुरे. दांडा आणि पातं ढिलं नको. तपासणी अशी: सरळ कडेच्या प्लायवर गुण्या टेकवून रेषा ओढा, मग गुण्या उलटा करून त्याच खुणेपासून पुन्हा रेषा ओढा. दोन्ही रेषा एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. वर जाताना त्या फाकत असतील तर जितकं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सरकत्या पट्टीचा कॉम्बिनेशन गुण्या घेतलात तर तो 45 अंश आणि खोली दोन्ही मोजतो, जागाही वाचते. त्याचा स्क्रू मात्र कामापूर्वी दर वेळी आवळावा लागतो.

मोठ्या काटकोनाला गुण्या कामाचा नाही. कोपऱ्यातून एका बाजूला 60 सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 80 सेंटिमीटर खूण करा. खुणांमधलं तिरकं अंतर 100 सेंटिमीटर भरलं की कोपरा काटकोनात. चौकट असेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की झालं.

पायरी 6: लेव्हल, ओळंबा आणि नळी

9 इंची लेव्हल पट्ट्यात बसते आणि पायपाला चिकटणारी चुंबकवाली मिळाली तर दोन्ही हात मोकळे राहतात. अंगावर 0.5 मिमी/मी (दर मीटरला अर्धा मिलिमीटर चूक) लिहिलेली पसंत करा, 1 मिमी/मी सुद्धा चालते. विकत घेताना ती काउंटरवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबला ते बघा, मग लेव्हल त्याच जागी टोकाकडून टोकाकडे फिरवा. बुडबुडा पुन्हा तिथेच थांबायला हवा. काउंटर तिरका असला तरी ही तपासणी चालते, कारण आपण काउंटर तपासत नसून लेव्हल तपासतो आहोत. लेव्हलमधल्या उभं माप दाखवणाऱ्या बुडबुड्याचीही अशीच तपासणी भिंतीला लावून करा.

छोट्या लेव्हलची मर्यादा ओळखा. सव्वा मीटरच्या शेल्फवर ती मधोमध ठेवलीत तर ती त्या वीतभर जागेचं सांगते, फळी वाकली आहे का ते सांगत नाही. खाली अॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप ठेवा आणि त्यावर लेव्हल. बाथरूमच्या उतारालाही हीच जोडी: दर मीटरला सुमारे 1 सेंटिमीटर उतार हवा, म्हणून 1 मीटरच्या पाइपच्या मोरीकडच्या टोकाखाली 10 मिमीची चकती ठेवा आणि बुडबुडा मध्ये येतो का बघा.

मोबाइलमधली लेव्हल फोटोफ्रेमपुरती ठीक. कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर तिला तिरकं करतात.

दोन खोल्यांत समान उंची हवी असेल, म्हणजे ओटा किंवा टाइल्सची रेषा, तर गवंड्याची पारदर्शक नळी हरत नाही. 8 ते 10 मिमी व्यासाची 10 मीटर नळी, पाण्यात थोडी कपड्याची नीळ. नळीत एकही बुडबुडा अडकलेला नको, दोन्ही तोंडं उघडी हवीत. एक तोंड अंगठ्याने बंद राहिलं की पाणी खोटं बोलतं.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवरची फळा-भाज्यांची चौकट, टांगताना ही सगळी हत्यारं एकदम कामाला येतात. फळा-भाज्यांनी लादलेली चौकट चांगलीच जड होते आणि एक हूक चुकला तर ती मूर्तीच्या डोक्यावर तिरकी लोंबते. स्टुलावर चढून छतावर मोजू नका. आधी मूर्तीचं आसन ठेवतात तिथे जमिनीवर चौकटीच्या आकाराचा आयत खडूने काढा. 60-80-100 ने कोपरा जुळवा, मग दोन्ही कर्ण सारखे आहेत का बघा. आता मदतनीस छताला ओळंब्याची दोरी लावून उभा राहू दे. ओळंब्याचं टोक जमिनीवरच्या कोपऱ्यावर नेमकं येईपर्यंत तो दोरी सरकवतो आणि तिथे खूण करतो. असं चार वेळा. ओळंबा हलतच राहिला तर तो पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच शांत होतो. हुकांना दोऱ्या बांधल्यावर चौकटीच्या लांब आणि आखूड अशा दोन्ही बाजूंवर लेव्हल ठेवा आणि दोऱ्या कमी-जास्त करा. छताची उंची धरून दोऱ्या सारख्या कापल्या तर चौकट समतल येईल असं समजू नका. छत स्वतःच समतल नसतं.

ओळंबा 100 ते 200 ग्रॅमचा पुरतो. छपराच्या रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, मारताना मात्र टेप आणि ओळंबा दोन्ही बाजूला ठेवा. दोन कौलं प्रत्यक्ष एकावर एक बसवा, रिपेपासून रिपेपर्यंतचं अंतर एका काठीवर खुणेने घ्या आणि तीच काठी शेवटच्या रिपेपर्यंत वापरा. कौलांचे घाट कारखान्यागणिक बदलतात, काठीला त्याचं काही नसतं.

पायरी 7: कॅलिपर

नळकामात ‘अर्धा इंच’ हे नाव आहे, माप नाही. अर्ध्या इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास 21 मिमी भरतो, पाऊण इंचीचा 26.4 मिमी. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पायपाचा बाहेरचा व्यास 15.9 मिमी आणि पाऊण इंचीचा 22.2 मिमी. म्हणूनच टेपने 21 मिमी मोजून दुकानात ‘20 एमएमचं द्या’ म्हटलं की भलतंच फिटिंग हाती पडतं. कॅलिपरने मोजा, हे चार आकडे टेपच्या डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, आणि जुनी वस्तू शक्यतो दुकानात घेऊन जा.

150 मिमीचा स्टीलचा व्हर्नियर, म्हणजे सरकत्या बारीक पट्टीवर वाचायचा कॅलिपर, घ्या. मुख्य पट्टीवर 20 दिसतंय आणि खालची 0.96 ची रेषा वरच्या रेषेशी जुळते, तर माप 20.96 मिमी. डिजिटल वाचायला सोपा, पण स्वस्तातले अनेक बंद असतानाही बटणसेल खातात. काम झालं की सेल काढून ठेवा. जबडे मिटून शून्य दिसतं का ते दर वेळी बघा, आणि पाईप जबड्यात तिरका धरू नका, व्यास वाढलेला दिसतो. मागची बारीक काडी भोकाची खोली मोजते, म्हणजे 8 मिमीच्या प्लगसाठी भोक पुरेसं खोल गेलं का ते कळतं.

पायरी 8: लेझर हवा का?

बहुतेकांना नको. एका लेझर मीटरच्या किमतीत वरची बहुधा सगळी हत्यारं येतात. पूर्ण घराचं रंगकाम किंवा फरशी मोजायची असेल, किंवा जुन्या घराची उंच आढी गाठायची असेल तरच घ्या. साधारण ±2 मिमी अचूकता, क्लास 2 (लेझरच्या सुरक्षेचा वर्ग) चा लाल बिंदू, डोळ्यात मारायचा नाही. बिंदू 5 अंश तिरका पडला तर 3 मीटरला 11 मिमी जास्त दाखवतो. माप उपकरणाच्या मागच्या टोकापासून की पुढच्या, ही सेटिंग विसरलात तर पूर्ण उपकरणाच्या लांबीइतकी चूक. भर दुपारी बल्कावात बिंदू दिसतच नाही, आणि कौलांच्या फटीतून तो बाहेर निघून जातो.

पायरी 9: पट्टा आणि पावसाळा

पट्टा चामड्याचा दिसतो देखणा, पण आपल्या पावसात त्याला आठवड्यात बुरशी येते. नायलॉन किंवा कॅनव्हासचा घ्या, पिशवीच्या तळाला पाणी जायला भोक असलेला. टेप एका बाजूला आणि पेन्सिल-पट्टी दुसऱ्या बाजूला ठेवा. टेपच्या पिशवीत स्क्रू टाकू नका, ते हुकात अडकतात. कॅलिपर त्याच्या डबीतच, उघडा कमरेला नको. सुताराची चपटी पेन्सिल भिंतीला चांगली, पण बोथट झाली की तिची रेषा मिलिमीटरहून जाड होते. नेमकं माप हवं तिथे रेषा न ओढता ‘व्ही’ काढा, टोक हीच खूण.

ओल्या पात्याला डब्यात घेऊ नका. आधी सुक्या कापडातून ओढत आत घ्या, नाहीतर आतली स्प्रिंग गंजते आणि ती दुरुस्त होत नाही. स्टीलची पट्टी, गुण्या आणि कॅलिपर यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि कॅलिपर सरकेनासा होतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की टेप पुन्हा स्टीलच्या पट्टीशी लावून बघा, लेव्हल टोकाकडून टोकाकडे फिरवून बघा, आणि लेझरमध्ये राहिलेले सेल फुटले आहेत का तेही बघा.